ईएल-३४ची नवी चौकडी: जेजे की इलेक्ट्रो-हार्मोनिक्स?

माझा अ‍ॅम्प व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, पुश-पुल आहे (जोडीतली एक ट्यूब ढकलते तेव्हा दुसरी ओढते), प्रत्येक चॅनेलला दोन ईएल-३४ पॉवर ट्यूब. फिक्स्ड बायस (गाणं वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा ते आपण ठरवायचं) असल्यामुळे ट्यूब बदलली की बायस नव्याने लावणं आलंच. जुन्या संचातल्या एका ट्यूबचा करंट तापल्यावर वर वर चढायला लागला, आणि खोलीतला दिवा मालवून पाहिलं तर प्लेटवर, म्हणजे ट्यूबमधल्या बाहेरच्या धातूच्या पत्र्यावर, लाल डाग. प्लेट लाल दिसली की विचार करत बसायचं नाही, आधी स्विच बंद करायचा. (काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसते ती मात्र निरुपद्रवी. त्यावरून उगाच घाबरणारे बरेच असतात.)

"सॉकेट तेच आहे, केटी-८८ घाल की, ताकद वाढेल," असा ईएल-३४हून मोठी ट्यूब लावायचा सल्ला मिळालाच. सॉकेट तेच, पण बाकीचं काय? ईएल-३४चा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) दीड अँपिअर घेतो, केटी-८८चा १.६. त्याहून मोठ्या केटी-१५०वर गेलात तर आकडा दोनच्या आसपास. हा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या माथी. शिवाय केटी-८८ला ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) जास्त निगेटिव्ह व्होल्टेज लागतं, ते तुमच्या बायसच्या पॉटला, म्हणजे बायस लावायच्या फिरकीला, देता येईलच असं नाही. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तोच असेल तर ताकद फारशी वाढत नाही. उलट दिशेनेही भानगड आहे: ६एल६ या दुसऱ्या पॉवर ट्यूबसाठी बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये पिन १ मोकळी असू शकते. ईएल-३४ची सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची आणखी एक जाळी) त्याच पिनवर येते, म्हणून पिन १ ही पिन ८शी, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडशी, जोडलेली आहे का ते आधी बघावं.

तेव्हा ईएल-३४च. पहिला संच मागवला तो 'मॅच्ड' (सगळ्या ट्यूब सारखा करंट घेणाऱ्या) अशी चिकटपट्टी लावलेला. बायस लावून सगळ्या सॉकेटांत आलटून पालटून पाहिलं, तरी एक ट्यूब ३१ मिलिअँपिअरवर आणि दुसरी ४२वर. विक्रेता म्हणाला, एवढा फरक चालतो. पुश-पुलमध्ये नाही चालत हो. दोन बाजूंचे करंट सारखे नसले की फरकाइतका डीसी (एकाच दिशेचा करंट) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात बसतो आणि आधी खर्ज बिघडतो. बरीच हुज्जत घालून संच परत केला.

दुसऱ्या ठिकाणाहून जेजे कंपनीच्या ईएल-३४ घेतल्या. प्रत्येक डब्यावर किती व्होल्टला किती करंट मोजला ते लिहिलेलं होतं. माझ्याकडे कॅथोडला दहा ओहमचा रेझिस्टर आहे. मल्टिमीटरवर ०.३६ व्होल्ट आले की ३६ मिलिअँपिअर. प्लेटवर ४५० व्होल्ट, म्हणजे साधारण १६ वॅट. ईएल-३४ची मर्यादा २५ वॅट आणि रूढ सल्ला तिच्या ७० टक्क्यांच्या आत राहण्याचा, म्हणजे साडेसतरा. चारही ट्यूब तापल्यावरसुद्धा जागच्या हलल्या नाहीत. (मोजताना एक हात खिशात ठेवा. अ‍ॅम्प बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून असतात.)

आवाजाबद्दल म्हणाल तर जेजेचा खर्ज घट्ट आहे, तार सप्तक थोडं आखडतं. मित्राकडून आणून लावलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या ट्यूब मधल्या पट्टीत जास्त मोकळ्या वाटल्या, गाणाऱ्याचा श्वास पुढे येतो, पण झांजा कधीकधी कानाला टोचतात. रात्री उशिरापर्यंत ऐकणाऱ्याने जेजे घ्याव्यात. 'मुलार्ड' छापलेल्या नव्या ट्यूब पाहून हुरळून जाऊ नका, त्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सबरोबरच रशियातल्या सारातोवच्या कारखान्यात बनतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या जुन्या मुलार्ड ही वेगळीच चीज, पण मूळ नाव पुसून त्यांचं नाव छापलेला मालही भरपूर फिरतो. मोजणीचे आकडे मिळत नसतील तर मी हात लावणार नाही.

पुढच्या वेळीही जेजेच घेईन. फक्त त्याच मोजणीची पाचवी ट्यूब सोबत मागेन, म्हणजे मधेच एक गेली तर अख्खी चौकडी बदलायला नको.