हार्ड डिस्क थंड ठेवणाऱ्या संचाचे ३३ अंश

माझा संगणक लहान कॅबिनेटचा आहे. त्यात १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड असून त्याच्याखाली साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क एकावर एक बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये करंगळीही जाणार नाही एवढीच फट होती. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची अशी डिस्क काम करताना साधारण ६ ते ८ वॅट वीज घेते आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. मोठ्या फायली एका डिस्कवरून दुसरीवर घेताना तापमान ५२ अंश सेल्सियसपर्यंत जाऊ लागले, तेव्हा मला काळजी वाटू लागली आणि त्या काळजीपोटीच मी हार्ड डिस्क थंड ठेवण्याचा एक तयार संच विकत घेतला.

विक्रेत्याने जाहिरातीत अशी भीती घातली होती की तापमानात चाळीस अंश ओलांडलेली डिस्क फार दिवस टिकत नाही. ही भीती खरी नाही, हे मला नंतर वाचल्यावर कळले. घरगुती वापराच्या बऱ्याच डिस्कसाठी उत्पादक ६० अंशांपर्यंतची मर्यादा देतात. गूगलने आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यातही मध्यम तापमानाचा आणि डिस्क बिघडण्याचा फारसा संबंध आढळला नव्हता. जास्त उष्णतेचा त्रास प्रामुख्याने तीन वर्षांहून जुन्या डिस्कना होताना दिसला. म्हणजे ५२ अंशांवर काहीतरी करायला हवे होते हे खरे, परंतु घाबरून जाण्याचे कारण नव्हते. घाबरलेला ग्राहक प्रश्न कमी विचारतो, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असावे.

संचात तांब्याची म्हणून विकलेली एक पट्टी, तिच्यावर ४० मिलिमीटरचे दोन पंखे आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागावर चिकटवायचा, निळे आकडे दाखवणारा तापमापक होता. तापमापकाची सेन्सरची तार पट्टीखाली आधीच बसवून दिलेली होती आणि ती जागेवरून हलवल्यास वॉरंटी रद्द होईल, असे सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत छापले होते. मी सगळे सांगितल्याप्रमाणे जोडले. आकडा ३३ वर स्थिरावला. पंख्यांचा आवाज कर्कश होता, पण ३३ पाहून मी तो सहन केला आणि डिस्कचे स्वतःचे तापमान पाहणेच सोडून दिले. माझी खरी चूक हीच.

साधारण दोन महिन्यांनी पाचशे जीबीची नक्कल चालू असताना कॅबिनेटचा पत्रा हाताला चटका बसावा इतका गरम लागला, तरी समोर ३३ अंशच होते. वास्तविक पंखा केवळ हवा खेळवतो, त्यामुळे पंख्याखालची डिस्क तिच्या भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि मदरबोर्डचा सेन्सर तर कॅबिनेटमधले तापमान ४१ सांगत होता. मग मी डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडले आणि डिस्क स्वतःच स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींमधील १९४ क्रमांकाची, म्हणजे तापमानाची, नोंद पाहिली. वरच्या डिस्कचे तापमान ५८ होते. संच बसवण्यापूर्वीच्या तापमानापेक्षाही सहा अंशांनी जास्त!

संगणक बंद करून पट्टी काढली तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. सेन्सरचे टोक डिस्कला कुठेच टेकत नव्हते; ते पिवळ्या चिकटपट्टीने पंख्याच्या चौकटीला, बाहेरची हवा जिथून आत ओढली जाते नेमके तिथे चिकटवलेले होते. म्हणजे इतके दिवस मी खोलीचे तापमान पाहत होतो. पट्टी आणि डिस्क यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारे पॅड असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात ती साधी फोमची दुहेरी चिकटपट्टी निघाली, जी उष्णता नेण्याऐवजी अडवते. पट्टीची कड चाकूने खरवडली तर तांबूस रंगाखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले. वर या पट्टीने दोन डिस्कमधली होती ती फटही बुजवली होती. सर्वांत संताप आला तो फोमचा एक तुकडा उचलल्यावर, कारण त्याच्याखाली डिस्कच्या आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवणारे बारीक श्वासछिद्र होते आणि ते झाकू नये अशी सूचना डिस्कच्या आवरणावरच छापलेली होती.

तापमापक नादुरुस्त असेल, अशी शंका घ्यायला जागा राहू नये म्हणून मी सेन्सरचे टोक डिस्कच्या बाजूच्या धातूवर दाबून बसवले आणि संगणक पुन्हा चालू करून तीच नक्कल पुन्हा सुरू केली. डिस्क तापली तसा आकडाही चढत गेला आणि डिस्कच्या नोंदीपेक्षा तीनच अंश मागे राहिला. तापमापक ठणठणीत होता. त्याला मुद्दामच चुकीच्या जागी बसवले होते. जोडणाऱ्याचा निष्काळजीपणा असेल असे मी आधी समजत होतो, परंतु तार हलवू नका ही ताकीद आठवल्यावर तो समज टिकला नाही.

तक्रारीला उत्तर आले की संगणकातील सॉफ्टवेअर चुकीचे तापमान दाखवते आणि मी सेन्सर हलवल्यामुळे संच परत घेता येणार नाही. मी चिकटपट्टी काढण्यापूर्वी छायाचित्र घेतले नव्हते, त्यामुळे माझ्याकडे पुरावाही नव्हता. असा संच कोणाकडे असेल त्याने काहीही उचकटण्यापूर्वी डिस्कची नोंद आणि तापमापकाचा आकडा एकाच छायाचित्रात येतील असे टिपून ठेवावे.

आता मी दोन डिस्कच्या मध्ये एक खण मोकळा सोडला आहे आणि समोरून संथ फिरणारा १२० मिलिमीटरचा एकच पंखा बसवला आहे. त्यासाठी आतल्या तारा बाजूला बांधून हवेची वाट मोकळी करण्यातच अर्धा दिवस गेला. तीच नक्कल करताना तापमान आता ४२ च्या वर जात नाही, तेही डिस्कच्या स्वतःच्या नोंदीनुसार.

त्या संचाची जाहिरात अजून चालू आहे. तिच्यातले छायाचित्र मी नंतर मोठे करून पाहिले. त्यात तापमापक ३१ अंश दाखवतो, पट्टी डिस्कवर चकचकीत बसलेली दिसते, आणि डिस्कच्या मागच्या बाजूला ना विजेची तार जोडलेली आहे ना माहितीची ने-आण करणारी साटाची केबल.