जर्मन छर्ऱ्यांच्या डब्यात भलताच माल: 34,630 रुपयांचा गंडा

आधी आकडा सांगतो. 34,630 रुपये. त्यातले 27,720 रुपये माझे नव्हते. माझ्या मुलीबरोबर एअर रायफलचा सराव करणाऱ्या सात मुलांच्या आईवडिलांनी ते माझ्या शब्दावर दिले होते. आज त्या सातही घरांचे पैसे मी खिशातून परत केलेत. पण त्यांच्यासमोर मान वर करून उभं राहायला अजून जड जातं, आणि व्हॉट्सॲपवरून आम्हाला भलतेच छर्रे (एअर रायफलीत घालायच्या शिशाच्या बारीक गोळ्या) विकणारा माणूस मात्र बिनधास्त माल विकतोय. म्हणून हे लिहितोय.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. इथे नेमबाजीचं वेड जुनं आहे. 2010 साली तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं. आता ज्याला त्याला वाटतं, आपलंही पोर रेंजवर जावं. लाखांच्या घरातली मॅच रायफल सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे आमची पोरं शालेय स्पर्धेच्या ओपन साइट (नळीवरच्या साध्या खाचेतून नेम धरायच्या) गटासाठी स्प्रिंगच्या, नळी मोडून लोड करायच्या रायफलीवर सराव करतात. रायफल एकदाच घ्यायची असते, छर्रे मात्र सतत लागतात. आणि स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याच्या बाबतीत किती नखरेल असते, हे ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एकीला 4.49 मिमी डोक्याचा (पुढच्या टोकाच्या व्यासाचा) छर्रा चालेल, दुसरीला 4.50 चा. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पण त्यात शंभराव्या भागाचा फरक पडला की कागदावर दिसतो.

आमच्या सरांनी एच अँड एन या जर्मन कंपनीचे फिनाले मॅच छर्रे सुचवले होते. चपट्या डोक्याचे, 0.53 ग्रॅमचे, 500 चा डबा. गावात मिळत नाहीत. ओळखीतून एक व्हॉट्सॲप नंबर मिळाला. प्रोफाइलला रायफलचा फोटो, स्टेटसला रोज नवीन स्टॉक, बोलणं गोड, मराठी स्वच्छ. "दादा, आधी एक डबा घ्या, आवडला तर पुढचं बोलू." एक डबा 1,450 रुपयांना, कुरिअर धरून. तो आला, आणि अस्सल होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण यावर लोक मला म्हणतात, "बघून घ्यायचं ना." बघूनच घेतलं. सरांकडच्या जुन्या डब्याशी ताडून पाहिला. तीन वेगवेगळ्या रायफलींवर मारून पाहिला. दहा मीटरवर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकात. मी काही झोपेत व्यवहार केला नव्हता.

पहिला डबा खरा पाठवायचा आणि पुढच्या मोठ्या ऑर्डरला हात मारायचा, ही यांची जुनीच रीत. सॅम्पल पास झालं म्हणजे फक्त तेवढा एक डबा पास झाला, हे लक्षात ठेवा.

मग आम्ही आठ घरांनी मिळून 24 डबे घ्यायचं ठरवलं, घरटी तीन. एकगठ्ठा म्हणून 1,320 रुपये डबा, म्हणजे 31,680. घरटी 3,960. कुरिअरचे 450 मी माझ्यातले घातले. आणि इथे तो क्षण येतो, ज्याच्या आठवणीने अजून डोक्याची शीर उठते.

मी त्याला फोनवर विचारलं, "डोकं 4.49 पाहिजे, 4.50 नको. तेवढं बघून पाठवा." तो म्हणाला, "दादा, ते जे बॉक्सला येईल ते, सगळं एकच असतं."

जो माणूस मॅचचे छर्रे विकतो, तो असं बोलूच शकत नाही. डब्यावर डोक्याचा आकार छापलेला असतो, त्यासाठीच तर आपण वरचे पैसे मोजतो. दुधवाल्याने गायीचं काय नि म्हशीचं काय, सगळं एकच म्हणावं, तसं झालं ते. मला खटकलं. खरंच खटकलं. मी दोन सेकंद गप्प झालो, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "तरी तुम्ही म्हणताय तर बघतो, आजचाच शेवटचा लॉट आहे, पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही." जिल्हा स्पर्धा तोंडावर, सात पालकांचे पैसे माझ्या खात्यात पडून, पोरं रोज विचारतायत. त्या परिस्थितीत कोणीही पैसे पाठवले असते. मीही यूपीआयने 32,130 पाठवले.

दुसऱ्या दिवशी, "पार्सलचा इन्शुरन्स करावा लागेल, 2,500, रिफंडेबल." ज्यांना हा प्रकार माहीत आहे ते इथेच कपाळाला हात लावतील. माल मिळेपर्यंत मानगूट त्याच्या हातात होती, दिले.

पार्सल आलं. कुरिअरच्या पोराला घाई, पाऊस धो धो. सही घेऊन तो गेला. डबे दिसायला तसेच. उघडले तर आत स्पंजऐवजी ब्लेडने कापलेली थर्माकोलची चकती. मनात म्हटलं, असेल, पॅकिंग बदललं असेल.

आता यातली खरी मेख सांगतो, आणि स्प्रिंग रायफलवाल्यांनी हे दोनदा वाचा. छर्रे वाईट आहेत हे आम्हाला लगेच कळलं नाही, कारण आम्ही सगळे स्वतःला दोष देत बसलो. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे सुटतो, रायफल मागे येते, मग हवेच्या उशीवर पिस्टन आदळताना ती पुढे जाते, आणि हे सगळं छर्रा नळीबाहेर पडायच्या आत. त्यामुळे जरा घट्ट धरली, जरा सैल धरली, की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाकतो. हे आपण पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतो. म्हणून छर्रा आठला लागला, मग चारला, मग काळ्याच्या बाहेर, तेव्हा मी माझ्या पोरीला म्हटलं, "हात घट्ट धरतेयस." तिने ऐकून घेतलं. स्टॉकचे स्क्रू आवळले, नळी पुसली, साइट परत लावली. दुसऱ्या घरी एका वडिलांनी तर मुलाला झापलं. सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी महागडी मॅच रायफल असती तर असा संशय हातावर आलाच नसता. स्प्रिंगवाल्याला खराब माल खपवणं म्हणूनच सोपं आहे, तो आधी आपल्याच हाताला नावं ठेवतो.

शेवटी सरांनी एक डबा टेबलावर ओतला. मूठभर छर्रे हातावर घेतले, तर बोटं काळी झाली. स्कर्ट, म्हणजे मागचा पातळ घेर, कुठे गोल तर कुठे चेपलेला, आणि कडेला साच्याची बारीक रेघ नखाला लागत होती. नळीत बोटाने बसवला तर एक गच्च, दुसरा सरळ आत घरंगळला. ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काही न विचारता काट्यावर एकेक ठेवला. सॅम्पलमधले उरलेले: 0.53, 0.53, 0.53. नवीन: 0.47, 0.55, 0.50, 0.58. मी तिथेच खुर्चीवर बसलो.

डब्यावर ज्या जर्मन कंपनीचं नाव होतं, तिचा यात काही संबंध नाही. नाव त्यांचं वापरलं, माल कुठला भरला देव जाणे. आणि हे नुसतं नेमापुरतं नाही. हलका, सैल छर्रा पिस्टनला पुरेसा अडवत नाही, पिस्टन रिकाम्या फायरसारखा आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. असे छर्रे "सरावाला चालतील" म्हणून वापरू नका. आम्ही एकही वापरत नाही.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "दादा, तुमच्या रायफलीला सूट होत नसतील." काट्यावरचे फोटो पाठवले, ब्लॉक.

आता सरकारी कहाणी. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने "छर्रे" ऐकलं आणि पहिला प्रश्न, "गोळ्या ऑनलाइन मागवल्या? लायसन दाखवा." मी समजावलं की .177 बोअरची, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल आहे, आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे तिला परवाना लागत नाही. "पाखरं मारता का?" मुलीचं शाळेचं पत्र, स्पर्धेचा फॉर्म, सगळं दाखवलं. फसलेला मी, आणि बाकावर बसून स्वतः गुन्हेगार नसल्याचे कागद मीच काढत होतो. शेजारी एक बाई तक्रार द्यायला आली होती, ती माझ्याकडे बघून सरकून बसली.

मग, "पैसे ऑनलाइन गेले ना? सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "माल आलाय ना? मग फसवणूक कसली, हा ग्राहकाचा मामला." मी म्हटलं, साहेब, डब्यावर एक नाव आणि आत भलताच माल, वर परत द्यायचे म्हणून 2,500 घेतले, ही भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाची फसवणूक नाही तर काय आहे? साहेबांनी फाइलवरून मान वर केली नाही. "रक्कम किती? बरं. अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का संपलाय म्हणाले. शिक्का कसा संपतो हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

बँकेत गेलो. "तुम्ही स्वतः पिन टाकला, व्यवहार अधिकृत आहे." कुरिअरवाले म्हणाले, "पार्सल पोचलं, सही आहे, आमचा विषय संपला." पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर तो पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाहीत. पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हा नोंदलेला नाही. गुन्हा नोंदत नाहीत, कारण पत्ता नाही. क्रीडा खात्याच्या एका टेबलावर विचारलं, की मुलांना निदान खात्रीचे छर्रे कुठे मिळतात एवढं तरी सांगा. तिथे उत्तर मिळालं, "तो तुमचा खासगी विषय." स्पर्धेत पदक आलं की फोटोला सगळे पुढे असतात. पोराच्या रायफलीत घालायचा छर्रा कुठून आणायचा, हा मात्र खासगी विषय. प्रत्येक टेबलावर मला एकच ऐकायला मिळालं: हे आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? करदात्याने कुठल्या दारात उभं राहायचं?

एवढं करून जे हाताला लागलं ते सांगतो. पैसे गेल्याचा संशय आला त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माल येईपर्यंत थांबू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवणं सोपं, नंतर अवघड. यूटीआर नंबर (त्या ऑनलाइन व्यवहाराचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. रिफंडेबल हा शब्द दिसला की तिथेच थांबायचं. जीएसटीचं बिल न देणाऱ्याकडून एकगठ्ठा माल नको, कितीही स्वस्त असो. डबा उघडताना मोबाइल चालू ठेवा, सील तोडण्याच्या आधीपासून, कुरिअरवाला घाईत असला तरी. विकणाऱ्याला डोक्याचा आकार विचारा, आणि त्याला कळत नसेल तर फोन ठेवा. काचेवर पाचपंचवीस छर्रे घरंगळवा, वाकडा स्कर्ट लगेच दिसतो. सोनाराच्या काट्यावर दहा छर्रे तोलायला पाच मिनिटं लागतात. शिसं आहे, हाताळून झालं की पोरांना साबणाने हात धुवायला लावा. आणि ग्रुप अचानक फाकला तर पोराला बोलण्याआधी दुसऱ्या डब्यातले पाच मारून बघा. हे मी माझ्या पोरीची माफी मागून लिहितोय.

मी हे सोडणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सहा डबे उघडलेलेच नाहीत, ते पुरावा म्हणून सीलबंद ठेवलेत. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या डीपीने तेच डबे विकतोय, एका पालकाला गेल्याच आठवड्यात मेसेज आला. तुमच्याकडे थर्माकोलची चकती असलेला डबा आला असेल तर तो फेकू नका, छर्रे दुसऱ्या डब्यात ओतू नका, आणि तुमच्या जिल्ह्यात तुमच्या नावाने तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकाची तक्रार त्यांनी बाजूला सारली, दहा जणांच्या आल्या तर निदान खात्याचा नंबर तरी तपासावा लागेल.