वरळीचा नवा किनारपथ : सात महिने चालून झाल्यावर

तारे द्यायचेच तर साडेतीन. त्यातला अर्धा अष्टमीच्या सकाळसाठी आहे, त्याचं पुढे सांगते.

मी वरळीची. लग्न होऊन इथे आले त्याला छत्तीस वर्षं झाली. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाळीस मिनिटं सपाट जागेवर चाला. मुंबईत सपाट जागा! आमच्या गल्लीतल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक एकेक दात पडल्यासारखे. म्हणून किनारी रस्त्यालगतचा विहारपथ १५ ऑगस्ट २०२५ ला लोकांसाठी खुला झाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी तिथे हजर होते. तेव्हापासून आठवड्यातले पाच-सहा दिवस जाते. पावसाळ्याचं शेपूट, ऑक्टोबरचं ऊन, थंडी आणि आता पुन्हा चढत चाललेला उन्हाळा, एवढं सगळं तिथे पाहून झालंय.

आधी जागा समजून घ्या, कारण पाहुण्यांचा इथेच घोळ होतो. विहारपथ एकूण सव्वापाच किलोमीटरचा आहे, पण तो सलग नाही, दोन तुकड्यांत आहे. एक प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली, दुसरा बडोदा पॅलेस ते वरळी. माझा अनुभव मुख्यतः दुसऱ्याचा. पहिल्यावर मी महिन्यातून एखाद्या वेळी जाते, बहीण ब्रीच कँडीला असते तिच्याबरोबर. चोवीस तास खुला आहे, तिकीट नाही. रुंदी म्हणाल तर वीस मीटरच्या आसपास. चार बायका गप्पा मारत एका ओळीत चालल्या तरी मागून कुणी 'साइड, साइड' ओरडत नाही. मुंबईत हे सुख केवढं मोठं, ते दादरच्या पुलावरून रोज गेलेल्यालाच कळेल.

आता थोडं मागे जायला हवं. त्याशिवाय मी या जागेवर एवढी का चिडते आणि तरी रोज का जाते, हे समजणार नाही.

वरळी सी फेसचा जुना पदपथ आमच्या दाराशी होता म्हणा ना. खान अब्दुल गफार खान मार्ग ओलांडला की कठडा, कठड्यापलीकडे समुद्र. 'कॉमन मॅन'च्या पुतळ्याशी भेटायचं ठरायचं. जून-जुलैत मोठी भरती असली की लाट कठड्यावरून थेट रस्त्यावर यायची, टॅक्सीवाले काचा वर करायचे, आणि आम्ही उलट्या झालेल्या छत्र्या धरून, कणीस खात, मुद्दाम भिजायचो. माझी मुलगी तिथेच सायकल शिकली.

२०१८ च्या ऑक्टोबरात किनारी रस्त्याचं काम सुरू झालं. मध्ये कोर्टात थांबलं, २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्यासाठी समुद्र म्हणजे पत्र्याचं कुंपण. भराव पुढे सरकत गेला आणि समुद्र मागे. आमच्या सासूबाई तेव्हा होत्या. गॅलरीत बसून रोज विचारायच्या, "आज किती लांब गेला गं?" जणू कुणी नातेवाईक गावाला निघालाय. रस्ता पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही.

आज जुना पदपथ आहे तिथेच आहे, पण त्याच्यासमोर समुद्र नाही, आठ पदरी रस्ता आहे. नव्या विहारपथावर जायचं तर भुयारी मार्गातून त्या रस्त्याखालून पलीकडे जावं लागतं. गुडघेवाल्यांना महत्त्वाची सूचना : भुयारात उतरणं सोपं, वर येताना दम काढावा लागतो. माझी युक्ती अशी की परतताना भुयाराच्या तोंडाशी दोन मिनिटं उभं राहायचं, बुटाची नाडी सोडून बांधायची. कुणाला कळत नाही. पूर्वी घरातून निघून समुद्र दिसायला चार मिनिटं लागायची, आता बारा-तेरा लागतात. चाळीस मिनिटांच्या फेरीत येण्याजाण्याची पंचवीस मिनिटं धरली तर माझं निम्म्याहून अधिक काम तिथेच झालं, असं आमचे हे म्हणतात. हे स्वतः येत नाहीत. यांना समुद्र गॅलरीतून आवडतो.

आता मुख्य तक्रार : ऊन. झाडं लावलेली आहेत, पण ती अजून पोरं आहेत. त्यांच्या सावलीत फार तर एखादं मांजर बसेल. भरावाची जमीन आणि खारा वारा, त्यात झाड वाढायला वेळ लागणारच, हे मला मान्य आहे. माझं माहेर दापोलीकडचं. तिथे समुद्रालगत सुरूचं बन असतं, उंडी असते, करंज असतो, भेंड असतो. ही झाडं मिठाच्या वाऱ्याला भीत नाहीत. उंडीच्या बियांचं तेल आमच्याकडे होड्यांना लावत. मला कुणी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, पण तरी लिहून ठेवते : शोभेची झुडपं कमी लावा, उंडी जास्त लावा. दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी तिच्याखाली बसेल.

तोवर इथली एकमेव भरवशाची सावली फुकट मिळते आणि ती देतात श्रीमंतांचे टॉवर. विहारपथ पश्चिमेला, इमारती पूर्वेला. त्यामुळे सकाळी सूर्य वर आला तरी इमारतींची लांब सावली समुद्रापर्यंत पडलेली असते. जानेवारीत मला साडेआठपर्यंत ऊन लागलं नाही. सावल्यांच्या मध्ये जिथे दोन इमारतींत फट आहे तिथे उन्हाचा पट्टा येतो, आणि थंडीत सगळे म्हातारे नेमके त्या पट्ट्यांत उभे राहून पाठ शेकतात. कोट्यवधींच्या फ्लॅटची सावली नको, मधली फट हवी. हे दृश्य बघायला तरी एकदा जानेवारीत या.

संध्याकाळी सगळं उलटं. चार ते सहा तिथे जाऊच नका, निदान ऑक्टोबरात आणि मार्चनंतर. सूर्य थेट तोंडावर, खाली तापलेली फरशी, मागे तापलेला डांबरी रस्ता. मी ऑक्टोबरात हट्टाने आठ दिवस संध्याकाळी गेले आणि नवव्या दिवशी डोकं धरून घरी बसले. सूर्यास्त पाहायचा असेल तर टोपी घाला, पाण्याची बाटली घरून घ्या आणि बाकीचे विधीही घरीच उरकून निघा. अंधार पडला की छान वारा सुटतो आणि गर्दी वाढते. शनिवार-रविवार संध्याकाळची गर्दी म्हणजे चौपाटीच, फक्त भेळ नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. रस्ता आठ पदरी आहे आणि तो गप्प बसत नाही. जुन्या सी फेसवरही गाड्या होत्या, पण त्या सिग्नलला थांबायच्या, तेवढ्यात लाटेचा आवाज कानात शिरायचा. इथे गाड्या थांबतच नाहीत. रात्री उशिरा तर काही दिवटे गाडीचा सायलेन्सर काढून शर्यत लावल्यासारखे जातात. लाट ऐकायची असेल तर भल्या पहाटे या आणि अगदी कडेच्या दगडांजवळून चाला. दगडांवर मात्र उतरू नका. वरचे कोरडे दिसतात, खालच्यांवर शेवाळ असतं. एक मुलगा सेल्फी काढताना घसरून गुडघा फोडून घेतलेला मी पाहिलाय. माझ्या पर्समध्ये गुडघ्याचं मलम कायम असतं, ते त्याला लावलं. मुलगा म्हणाला, "थँक्यू आज्जी." आज्जी! चालायचंच.

आता अष्टमी.

माझ्या आजोबांनी शिकवलेला हिशेब आहे, कोकणातल्या बऱ्याच घरांत तो असतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास भरती. मग सकाळी सहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. हा हिशेब आजोबांनी सांगितला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. मग थेट एकसष्टाव्या वर्षी उपयोगी पडला.

तर सप्तमी ते दशमीच्या सकाळी इथे या. पाणी दगडांपर्यंत चढलेलं असतं, इमारतींची सावली त्यावर पसरलेली, आणि दूर जिथे सावली संपते तिथून पाणी एकदम चांदीसारखं. त्या दिवसांत रस्त्याचा आवाजही कमी वाटतो. खरंच कमी होतो की माझं लक्ष नसतं, कोण जाणे. अमावास्या-पौर्णिमेच्या सकाळी याच्या उलट. पाणी मागे हटलेलं, काळे खडक उघडे पडलेले, आणि त्यावर बगळे. समुद्रबगळा राखाडी असतो, खडकाच्याच रंगाचा. हलला तरच दिसतो. थंडीत कुरव येतात, पांढऱ्यांचा थवाच्या थवा. त्यांना शेव-गाठी घालणाऱ्यांना मी दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा ओरडले. पक्षी फरसाण खायला एवढ्या लांबून येत नाहीत हो.

खडक उघडे पडले की हाजी अलीच्या बाजूला अजून मजा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून समुद्री जीव दाखवतात. मी एकदा बहिणीबरोबर गेले होते. आपण ज्याला घाणेरडं पाणी म्हणून नाक मुरडतो त्यात समुद्रफुलं आहेत, खेकडे आहेत, स्पंज आहेत. शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि समुद्रफूल पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते निवृत्तीनंतर, हाजी अलीला.

उत्तरेच्या टोकाला गेलात तर थोडं थांबा. तिथून पुढे रस्ता पुलावरून सागरी सेतूला मिळतो. त्या पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लिव्हलँड बंदरातून ये-जा करतात. दोन खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात एवढ्या फटीतून होडी काढायची म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून कोळी बांधव अडून बसले. त्यांनी १६० मागितलं, शेवटी १२० वर ठरलं. पहाटे एखादी होडी त्या मोकळ्या जागेतून सरळ आत येताना दिसते तेव्हा मला आकड्यांत बोलणाऱ्या सगळ्या बैठका आठवतात. आपण चालायला जागा मिळाली म्हणून खूश होतो, त्यांचा तर येण्याजाण्याचा रस्ताच तो.

आमच्याकडे कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, "तुम्ही येता का फिरायला नव्या रस्त्यावर?" त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही पहाटे चारपासून फिरतोच आहोत." पुढे मी काही विचारलं नाही. सुरमईही त्या दिवशी महागच दिली त्यांनी.

शिवाजी पार्कशी तुलना सगळेच करतात, मीही करते. तिथे फेरी मारून झाली की कट्टा आहे, वर पर्जन्यवृक्षाची सावली आहे. बसलं की शेजारचा बोलतो, दुसऱ्या दिवशी ओळखतो, महिन्याभरात तुमच्या मुलीसाठी स्थळ सुचवतो. इथे अंतर भरपूर, समुद्र भरपूर, पण लोक कानात बोंडं घालून सरळ चालत राहतात. पहिला दीड महिना मला एकाही माणसाचं नाव कळलं नाही. इतकी वर्षं वरळीत राहून असं परक्यासारखं वाटायची ही पहिलीच वेळ.

ते थोडं बदललं कोजागरीला. ६ ऑक्टोबरच्या रात्री आमच्या इमारतीतल्या पाच बायका मसाला दुधाचा थर्मास घेऊन गेलो. तिथीप्रमाणे भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणून मुद्दाम उशिरा निघालो. हे म्हणाले, "एवढ्या रात्री?" मी म्हटलं, चोवीस तास उघडं आहे, मग काय! दूध सांडलं, कागदी पेले वाऱ्याने उडाले, ते पकडायला शेजारून चाललेली तीन मुलं धावली. मग त्यांनाही दूध दिलं. त्यातला एक रोज पहाटे धावतो. आता दिसला की कानातलं काढतो आणि विचारतो, "काकू, आज भरती कधी?" मी तिथी सांगते, पाऊणपट त्याने करायची. दशमीचं उत्तर अजून त्याला जमत नाही, दरवेळी आठ म्हणतो.