फाटक ते पोर्च: पेव्हर ब्लॉक की काँक्रीट?
कोकणात घर बांधणाऱ्या एका स्नेह्यांना मोटारीच्या वाटेसाठी यांपैकी काय निवडावे, हे ठरत नव्हते. खर्च सामानाच्या वाहतुकीनुसार बदलतो. टिकाऊपणा मात्र भरावावर ठरतो, कारण मुरूम पाणी मारून थराथराने दाबला नसेल, तर ६० मिलिमीटरचे ब्लॉक चाकांच्या रेषेत खचतात आणि १०० मिलिमीटरचे काँक्रीटही तडकते. खरा फरक दुरुस्तीत आहे. खचलेले ब्लॉक उचलून, खालची वाळू सारखी करून तेच पुन्हा बसवता येतात. तडकलेल्या काँक्रीटला ठिगळच लागते. ब्लॉकच्या सांध्यांत मात्र पावसाळ्यात गवत व शेवाळ माजते. जमिनीखाली पुढे नळ टाकायचा असेल, तर ब्लॉकच घ्यावेत. चढ तीव्र असेल, तर आडव्या खाचांचे काँक्रीट करावे आणि किमान ७ दिवस त्यावर पाणी मारावे.