इंदूरच्या कपाटांतली .३२ पिस्तुलं: उघडायला सोपं कोणतं, सांभाळायला कोणतं

इंदुरात परवान्यावरचं परदेशी .३२ (इंचांत गोळीचं माप) पिस्तूल बहुधा वारशानेच येतं. आजोबांचं वॉल्थर, नाहीतर काकांचं कोल्ट. १९८०च्या दशकात अशा हत्यारांची आयात सर्वसामान्यांसाठी जवळजवळ बंद झाली, तेव्हापासून सुट्या भागांचीही ओरड आहे. म्हणून तुलना करताना 'किती सेकंदांत उघडतं' हे आम्ही फारसं मोजत नाही. नळी सुटी होऊन हातात येते का आणि उघडताना काय उडून हरवू शकतं, हे आधी बघायचं. कोणीतरी ग्लॉकचं नाव काढतंच. ते बहुधा ९ मिमी, आपल्याकडे निषिद्ध बोर (सर्वसामान्यांना बंदी असलेलं नळीचं माप), तेव्हा तो विषय सोडून द्या.

पिस्तूल कुठलंही असो, सुरुवात एकच. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी जागीच असते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवूनच कामाला बसा.

वॉल्थर पीपी (१९२९) आणि त्याचं धाकटं भावंड पीपीके (१९३१) उघडायला सगळ्यांत झटपट. ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीचं कडं, खाली ओढून किंचित बाजूला ढकलायचा, म्हणजे तो फ्रेमला टेकून राहतो. मग स्लाइड पूर्ण मागे घेऊन तिची मागची बाजू उचलायची आणि हळूच पुढे काढायची. सुटा होणारा भाग एकच, नळीवरची स्प्रिंग. तिचं कुठलं टोक पुढे होतं याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इथवर सगळं छान. पण नळी फ्रेममध्ये पक्की बसवलेली आहे, त्यामुळे सरळ रॉड चेंबरकडून जातच नाही. लोक तो नळीच्या तोंडाकडून घालतात, रॉड तोंडाच्या कडेला घासत राहतो, आणि ती कड झिजली की नेम बिघडतो. नळीच्या तोंडाशी भिंग धरून बघा, एका बाजूला चकाकणारी झीज दिसते. उपाय म्हणजे पुलथ्रू, म्हणजे टोकाला ब्रश किंवा चिंधी असलेली दोरी, चेंबरकडून घालून तोंडाकडे ओढायचा. सीझेड ८३ची गत तीच. तोच खाली येणारा गार्ड आणि तीच पक्की नळी, फक्त .३२मध्ये मॅगझिन १५ गोळ्यांचं.

कोल्ट १९०३ आम्हाला जास्त आवडतं. स्लाइडवर बाणाची खूण आहे. स्लाइड मागे घेऊन ती खूण फ्रेमच्या पुढच्या कडेशी जुळवायची, नळी फिरवायची, की स्लाइड नळीसकट पुढे निघते. नळी उलटी फिरवली की तीही सुटी. रिकॉइल स्प्रिंग नळीखाली फ्रेममध्ये असते, ती दांडीसकट काढता येते. खूण एखाद मिलिमीटर चुकली तर नळी फिरत नाही. अशा वेळी पक्कड लावू नका, स्लाइड थोडी पुढेमागे करा. स्लाइड नसताना चाप ओढायचा नाही, आतला घोडा फ्रेमवर आपटतो. निकेल चढवलेलं कोल्ट असेल तर अमोनियावालं सॉल्व्हंट (नळी साफ करायचं रसायन) वापरू नका, मुलामा उखडतो.

एफएन १९१० मात्र नवख्याच्या हाती देऊ नये. स्प्रिंग नळीभोवती आहे आणि तोंडाशी खरबरीत कडी. कडी आत दाबून पाव वळसा फिरवली की स्प्रिंग मोकळी होते, आणि अंगठा निसटला तर कडी थेट सोफ्याखाली. ती नवी कुठून आणणार? नळीच्या तोंडावर जुना टॉवेल धरूनच काढा. पुढे स्लाइड मागे घेऊन सेफ्टीच्या खाचेत अडकवायची, नळी फिरवायची, सेफ्टी सोडायची. स्लाइड निघाली की मागून स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी दांडी) आणि त्याची बारीक स्प्रिंग घरंगळते, म्हणून खाली पांढरं कापड हवंच. एवढ्या कटकटीनंतर नळी हातात येते, हे त्याच्या बाजूने.

बेरेटा ८१ क्वचित दिसतं, पण मिळालं तर भांडण संपलं. एका बाजूचं बटण दाबून दुसऱ्या बाजूची कळ फिरवायची, स्लाइड पुढे निघते, स्प्रिंगची दांडी उचलली की नळी बाहेर. दांडी स्प्रिंगसकट धरून उचलली की उडणारं काही नाही.

सफाईत फरक नाही. ब्रशवर सॉल्व्हंट, आठ-दहा फेऱ्या. ब्रश नळीच्या पार बाहेर गेल्याशिवाय उलटा ओढू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबून तीन सेंटिमीटरच्या सुती चिंध्या, कोरडी चिंधी स्वच्छ येईपर्यंत. शेवटची चिंधी तेलाची. ही ब्लोबॅक पिस्तुलं, म्हणजे गोळी सुटतानाच्या दाबानेच स्लाइड मागे जाते, काजळी चेंबरच्या तोंडाशी आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली साठते. तिथे जुना टूथब्रश चालतो. तेल स्लाइडच्या दोन्ही खोबणींत एकेक थेंब, नळीवर पुसट हात. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनमध्ये तेल नको, धूळ चिकटते आणि काडतूस दगा देतं. शिलाई मशीनचं तेल चालेल, पण पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं. खोबरेल अजिबात नको. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत ते पिस्तुलातच थिजतं.

अडकण्याचं खापर पिस्तुलावर फोडण्याआधी मॅगझिन बघा. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. प्रत्येक काडतूस आधीच्याच्या थोडं पुढे ठेवून भरा.

जुलै ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि काळ्या रंगाखाली गंजाचे खड्डे पडतात. सुती कापड आणि सिलिका जेलची पुडी पुरे. निवडणुकीत ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायचं असेल तर आतबाहेर घट्ट ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळा आणि पावतीवर पिस्तुलाचा नंबर तपासून घ्या. परत आल्यावर नळीतलं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय एकही गोळी चालवायची नाही, नळी फुगू शकते. स्प्रिंग मऊ पडली किंवा पिन तुटली तर कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे जाऊ नका. हत्यार दुरुस्त करायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.