सिक्स बाय सिक्सच्या नावाखाली सव्वातीन लाख गेले, गाडी कापायला देण्याआधी वाचा

मी दापोली तालुक्यातला. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर आहे माझ्याकडे, हर्णैवरनं मासळी आणि बर्फ, सीझनला आंब्याच्या पेट्या, असं भाडं मारतो. हर्णैचा लिलाव बघितलेल्यांना माहितीय, होड्या पाण्यातच थांबतात, मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते आणि आमच्या गाड्या ओल्या पुळणीत उभ्या. भरलेली गाडी मागनं रुतली की भरती यायच्या आत काढावी लागते, दोनदा खारं पाणी दारापर्यंत आलेलं मी बघितलंय.

म्हणून मागे अजून एक अ‍ॅक्सल, सहाही चाकं ओढणारी, असं डोक्यात बसलं. मर्सिडीजची 2013 ची ती जी 63 सिक्स बाय सिक्स वाळूत चालताना मोबाईलवर पन्नासवेळा बघितली होती. घाटावरच्या एका गॅरेजवाल्याचा नंबर मिळाला. फोनवर लय गोड बोलायचा, "भाऊ तुमची घरची गाडी समजून करतो, आरटीओत पासिंगपण वाढवून देतो." सव्वातीन लाख ठरले, दोन लाख आधी, बाकीचे गाडी नेताना, सगळे रोख. जून जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यात काम झालं. चासी वाढवली, पाटे नवीन, तिसरं हाउसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचा लोखंडी डबा, काळ्या रंगात चकाचक, मधल्या हाउसिंगपासून मागच्यापर्यंत ताकद नेणारा शाफ्टसुद्धा. गावात येईपर्यंत रस्त्यावर सहाही चाकं फिरत होती, पण अहो रस्त्यावर ट्रॉलीची चाकंपण फिरतातच की, ती कोण ओढतंय हे डांबरावर कळत नाही, हेच माझ्या लक्षात आलं नाही.

ऑगस्टमधे पहिल्याच भाड्याला गाडी बसली. फोर व्हील लावलं, पुढची चाकं वाळू उडवतायत, मधली उडवतायत, आणि सगळ्यात मागची दोन गप्प. एका ट्रॅक्टरने ओढून काढली तेव्हा पाणी हबला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतले मिस्त्री काका आले. मागचं एक चाक जॅकवर उचललं, बाकीच्यांना दगड लावले, फोर व्हील लावून गाडी बंद, गिअरमधे. चाक हलायलाच नको होतं, काकांनी एका बोटाने गरागरा फिरवलं. मग हाउसिंगचा खालचा बोल्ट काढला, नव्वद नंबरचं घट्ट ऑइल यायला पाहिजे, तर वाटीभर गंजकं पाणी आलं. वरच्या भोकातून बॅटरी मारली तर आत चाकं फिरवणारे दातेच नाहीत, क्राउन नाही, पिनियन नाही, काहीच नाही, नुसतं पोकळ. शाफ्ट दोन्ही टोकांना वेल्डिंगने चिकटवलेला, म्हणजे तो कधी फिरलाच नव्हता. आणि ज्याने माझ्या अंगावर काटा आला ते म्हणजे ब्रेक, तिसऱ्या अ‍ॅक्सलचा ब्रेक पाइप टोकाला ठोकून बंद केलेला. घाट उतरून तीच गाडी मी चालवत आणली होती, शेजारी पोरगा बसलेला.

काकांनी मग चिऱ्याच्या दहा चाकी डंपरखाली नेऊन दाखवलं. साध्या हाउसिंगमधे पिनियन पुढनं शिरतो आणि समोर क्राउन आडवा असतो, मागनं शाफ्ट काढायला वाटच नसते. डंपरचं मधलं हाउसिंग वेगळंच, शाफ्ट त्याच्या आतून आरपार मागच्याला जातो. नाहीतर मग ट्रान्सफर केसपासून, म्हणजे पुढच्या मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यापासून, मागच्या अ‍ॅक्सलला स्वतंत्र शाफ्ट पाहिजे. शिवाय सगळ्या अ‍ॅक्सलचा क्राउन पिनियनचा रेशो, म्हणजे दात्यांचं प्रमाण, एकच लागतो, नाहीतर एक अ‍ॅक्सल दुसऱ्याशी झगडतो आणि काहीतरी तुटतं. कोणी सहा चाकं ओढतील म्हणाला तर पहिलं विचारा, मागच्या अ‍ॅक्सलला ताकद कुठनं येणार, हात लावून दाखव. माझं मधलं हाउसिंग कंपनीचंच साधं होतं, मागनं शाफ्ट निघायला वाटच नव्हती, एवढं विचारलं असतं तर गॅरेजवाला तिथेच उघडा पडला असता.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मी सहा चाकी म्हटलं होतं, सहा ओढतील असं कुठे म्हटलं?" लेखी काही नाही, बिल नाही. वकिलांनी मला कायदा सांगितला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली माहिती बदलेल असा बदल करता येत नाही, 2019 मधे सुप्रीम कोर्टानेपण तेच सांगितलंय, आणि 182 ए प्रमाणे मालकालाच एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे पासिंग वाढवून देतो ही पहिल्या दिवसापासून थाप. आणि तक्रार करायला जावं तर आधी माझीच गाडी पकडली जाणार, इन्शुरन्सवालापण हात वर करू शकतो. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं, त्याच भरवशावर तो हा धंदा करतो, माझ्याआधी किती जण गप्प बसले असतील देव जाणे.

मी तरी ग्राहक आयोगात जातोय, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहकच धरतात असं वकील म्हणाले. दंड झाला तर भरीन.

गाडी आता खळ्यात उभी आहे, मागचं सगळं कापून चासी पहिल्यासारखी करायला टाकलीय. ते पोकळ हाउसिंग मात्र भंगारात दिलं नाही, पडवीत ठेवलंय. आपल्या भागातल्या कोणाचं असं काम ठरत असेल तर आधी येऊन त्याच्या आत बॅटरी मारून बघा, मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.