फळ्यांखाली काय घालावं: पीआयआरचा बोर्ड की लाकडी तंतूंची गादी?

इंग्लंडात जुनं टेरेस घर (रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांतलं एक) घेतलेल्या आपल्या मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात एक कोडं पडतं. हीटिंग चालू आहे, खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, ऊब धरून ठेवणारी २७० मिमी लोकर अंथरली आहे, तरी खुर्चीत बसलं की घोट्यापासून खाली गार. आमच्याकडेही हेच झालं. रेडिंगमधलं आमचं घर १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं, दोन्ही बाजूंना घरं चिकटलेली. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत आम्ही जमिनीच्या फळ्यांखाली थंडी अडवायला (म्हणजे इन्शुलेशन म्हणून) पीआयआरचे, एका प्रकारच्या प्लास्टिक फोमचे, कडक बोर्ड बसवून घेतले आणि दोन वर्षांनी मागच्या खोलीत लाकडी तंतूंच्या मऊ गाद्या. मागची खोली झाल्यालाही आता तीन हिवाळे झाले. घर एक, बॉयलर एक, माणसं तीच. ज्यांना या दोनांतून एक निवडायचं आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आपल्याकडे कोकणात जोतं उंच बांधतात ते ओल वर चढू नये म्हणून. इथल्या गवंड्यांनी तेच काम वेगळ्या रीतीने केलं. उघड्या मातीवर विटांच्या बुटक्या भिंती उभ्या केल्या, त्यांवर तुळया (इथे जॉइस्ट म्हणतात त्या) टाकल्या, वर फळ्या ठोकल्या, आणि बाहेरच्या भिंतींत जाळीच्या विटा ठेवून खालून वारा खेळता ठेवला. त्या वाऱ्याच्या जोरावर तुळया सव्वाशे वर्षं टिकल्यात. म्हणजे वारा थांबवायचा नाही, त्याला फक्त खोलीत शिरू द्यायचं नाही. जाळीच्या विटा बुजवून पाय गरम करण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली की बुरशीला आमंत्रण मिळतं, आणि कुजलेली तुळई बदलण्याचा खर्च इन्शुलेशनच्या कितीतरी पट असतो.

कागदावर पाहिलं तर पीआयआर सरळ जिंकतो. त्याची उष्णतावाहकता (जितकी कमी तितकी चांगली) ०.०२२ च्या आसपास, लाकडी तंतूंची ०.०३८ च्या आसपास. म्हणजे १०० मिमी बोर्ड जे काम करतो त्यासाठी गादी १७० मिमी जाड लागेल. आमच्या तुळया पाच इंच खोल, त्यांत १७० मिमी मावणार कुठून? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जुन्या घराची जमीन सुधारताना ०.२५ यू-व्हॅल्यू (जमिनीतून किती उष्णता निसटते याचं माप, हेही जितकं कमी तितकं चांगलं) गाठायची अपेक्षा असते, आणि तुळया कमी खोल असल्या की हा आकडा पीआयआरने सहज गाठता येतो. आम्ही पहिल्यांदा बोर्ड निवडला तो याच हिशेबाने. तेव्हा त्या हिशेबात मला काही चूक दिसली नव्हती, आणि हिशेब म्हणून आजही दिसत नाही.

काम एका बिल्डरकडून करून घेतलं. दोन दिवसांत आटोपलं, फळ्या परत बसल्या, वर गालिचा आला. जानेवारीत आई सांगलीहून आली होती. तिला सोफ्यापेक्षा खाली बसून भाजी निवडायची सवय. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसली आणि पाच मिनिटांत उठून म्हणाली, "इथे खालनं वारं येतंय रे." मी नाही म्हणालो, कारण पैसे नुकतेच मोजले होते. तिने देवापाशी जाऊन उदबत्ती पेटवून आणली आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीच्या, कडेला धरली. धूर वर गेलाच नाही. आडवा झाला आणि सोफ्याकडे वाहू लागला. मग आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून खोलीची चारही अंगं उदबत्तीने तपासली. खिडकीपाशी सगळ्यात वाईट, चुलीच्या (फायरप्लेसच्या) दगडापाशी त्याच्या खालोखाल.

मार्चमध्ये मी स्वतः चार फळ्या उचलल्या, तेव्हा कारण समोर आलं. जुन्या घरात तुळयांमधली अंतरं कधीच सारखी नसतात. माझ्या खोलीत एका ठिकाणी ३४० मिमी होतं तर शेजारीच ३७५. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण एकच गाळा (दोन तुळयांमधली जागा) भिंतीपाशी ३६० आणि मध्यावर ३५२ भरला, कारण तुळई वाकलेली. बिल्डरने बोर्ड एका मापाने कापले होते. कुठे ते ठोकून बसवलेले, कुठे कडेला अख्खं बोट जाईल एवढी फट. फटीत डब्यातला फोम मारलेला होता, पण हीटिंगने तुळया वाळून आक्रसल्या तसा तो फोम लाकडापासून सुटून एका बाजूला लोंबत होता. त्या फटीत मी हात धरला. खाली मोकळा वारा वाहत होता आणि बोटं गार पडत होती. १०० मिमी जाडीचा उत्तम बोर्ड मधोमध बसलेला, आणि थंडी त्याच्या कडेने वर येत होती.

माझ्यासाठी निवडीचा निकाल या फटीने लावला. बाकीच्या गोष्टी मागाहून.

कुणी म्हणेल, हा दोष मालाचा नाही, कारागिराचा. अर्धं खरं आहे. प्रत्येक गाळा दर हातभर अंतरावर मोजून, बोर्ड तिरका कापून, कडा टेपने बंद केल्या असत्या तर पुढची खोलीही चांगली झाली असती, असं मला वाटतं. मी नंतर तसं करून बघितलं. चुलीपासच्या एका गाळ्याला मला अख्खी दुपार लागली. बोर्ड कापताना उडणारी पिवळी भुकटी नाकातोंडात, केसांत, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांवर. आणि इतकं करून जो बोर्ड घट्ट बसला तो आता पाऊल पडलं की लाकडाला घासून करकरतो. रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस कुठे पोचलंय हे वरच्या मजल्यावर कळतं. कारखान्यातल्या सरळ तुळयांच्या नव्या घरात हे होणार नाही. पण व्हिक्टोरियन घरात, त्यातही पुढे आलेल्या खिडकीच्या कोनात, कडक माल आणि वाकडं लाकूड यांचं जमवताना जीव जातो.

मागच्या खोलीत म्हणून गादी घेतली. या वेळी फळ्या उचलण्यापासून सगळं स्वतः केलं. सपाट पहार हळूच खिळ्याजवळ घालून उचलायचं, घाई केली की जुनं पाइन धाग्यावर चिरतं. प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूने नंबर घातले, देवनागरीत, मुलीच्या हस्ताक्षरात. तुळयांवरून वाफ आरपार जाऊ देणारं मेम्ब्रेन (पातळ पडदा) झोळीसारखं खाली सोडलं आणि बाजूंना स्टेपल केलं. मग गादी. गाळ्यापेक्षा सेंटिमीटरभर रुंद कापायची, कडांना दाबून आत सोडायची, की ती फुगून दोन्ही तुळयांना चिकटते. तुळई वाकडी असेल तर गादीही तेवढी वाकते. पहिला गाळा भरला तेव्हा कडेने नख घालून पाहिलं, नख शिरेना. ३४० असो की ३७५, मला मोजपट्टी फारशी लागलीच नाही. वरून हवाबंद मेम्ब्रेन पसरलं, त्याच्या कडा स्कर्टिंगमागे वर घेऊन भिंतीला टेपने चिकटवल्या, आणि फळ्या परत बसवल्या. या वेळी खिळ्यांऐवजी स्क्रू.

त्या कडा चिकटवण्याला गादीइतकंच महत्त्व आहे हे सांगायला हवं. मागच्या खोलीच्या यशातलं किती श्रेय गादीचं आणि किती वरच्या मेम्ब्रेनचं, हे मला वेगळं काढता येणार नाही. पण पुढच्या डिसेंबरात उदबत्ती फिरवली तेव्हा धूर सरळ उभा राहिला. दिवाळीत पाट मांडून खाली जेवायला बसतो ते आता मागच्याच खोलीत. मुलगी पोटावर पडून चित्रं काढते तीही तिथेच, कुणी सांगितलं नाही तरी. थर्मोस्टॅटचा आकडा दोन्ही खोल्यांत एकच असतो. कागदावर कमी असलेली खोली अंगाला जास्त ऊबदार लागते, एवढं मात्र घरातले सगळे जण म्हणतात.

लाकडी तंतू ओल शोषतात आणि परत सोडतात, हीही मला मोठी गोष्ट वाटते. पिना टोचून ओल मोजण्याचं छोटं मीटर मिळतं, ते घ्याच. मी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, एक स्क्रूची फळी उचलून तुळईला टोचतो. अजून काळजी वाटावी असा आकडा दिसलेला नाही. पीआयआरच्या खोलीतही दिसलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गादीच्या बाजूने सगळंच गोड नाही. काचलोकरीपेक्षा (ग्लासवुलपेक्षा) ती बरीच महाग पडते आणि आम्हाला पीआयआरपेक्षाही महाग पडली. हात आखडता असेल तर काचलोकर तुळयांना मारलेल्या जाळीवर अंथरूनही तत्त्व तेच राहतं. अंगाला खाज सुटते आणि जाळी सैल लागली तर वर्षा-दोन वर्षांत ती खाली बसते, म्हणून जाळी ताणून मारा. तुळया फक्त चार इंची असतील, आणि नियमाचा आकडा गाठणं तुमच्यासाठी अनिवार्य असेल, तर पीआयआरला पर्याय शोधणं अवघड आहे. मग कारागीर निवडतानाच विचारा: गाळे किती ठिकाणी मोजणार? उत्तर ऐकून पुढचं ठरवा.

तिसरा मार्ग म्हणजे फोमचा फवारा. जाळीच्या विटेच्या जागेतून छोटं रिमोटवरचं यंत्र आत सोडतात आणि ते फळ्यांच्या पोटाला फोम मारत फिरतं. एकही फळी उचलावी लागत नाही. ओळखीच्या एका कुटुंबाने करून घेतलंय आणि ते खूश आहेत. फटींचा प्रश्न तिथे उरत नाही हे कबूल. पण माझं मन धजलं नाही. एकदा फोमने तुळई झाकली की ती पुन्हा डोळ्यांना दिसत नाही, उद्या खालचा पाइप गळला तर फोम खरवडत बसावं लागेल, आणि छपरात फोम असलेल्या घरांवर कर्ज द्यायला इथल्या अनेक संस्था का-कू करतात. जमिनीखालच्या फोमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण घर विकायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या.

पैशांचं एक गणित मात्र पक्कं आहे. ३१ मार्च २०२७ पर्यंत कंत्राटदाराने माल आणून बसवला तर त्यावर व्हॅट शून्य आहे. तोच माल तुम्ही स्वतः दुकानातून आणलात तर २० टक्के. मी मागच्या खोलीला हे २० टक्के भरले आणि मजुरी वाचवली. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी कंत्राटदार पाहावा, कारण हे सगळं काम गुडघ्यांवर होतं.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही खोल्यांना लागू. इन्शुलेशन झालं की खालची पोकळी पूर्वीपेक्षा गार होते, त्यामुळे तिथून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपांना आधी वेष्टण घाला. आणि खाली जुन्या पाइपांवरचं राखाडी, ठिसूळ वेष्टण दिसलं तर हात लावू नका. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मागच्या खोलीतून अडीच गाद्या उरल्या होत्या, त्या लॉफ्टमध्ये कोरड्या ठेवल्यात. या उन्हाळ्यात पुढच्या खोलीचा खिडकीकडचा भाग उघडून तिथले बोर्ड काढायचेत. तुम्ही अजून माल मागवला नसेल तर एक फळी उचला आणि एकाच गाळ्याचं माप तीन ठिकाणी घ्या. तिन्ही आकडे सारखे आले तर खुशाल बोर्ड घ्या.